शोकाचे सामने

ओतोसान,

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या अंत्यविधीला मी काळे कपडे घालून केंजीच्या शेजारी दारात उभी होते. येणारा प्रत्येक जण कमरेत वाकून एकच वाक्य म्हणत होता, 'गो-शूशो-सामा देसु.' पुण्यात माणसं मयताच्या घरी गेली की काय बोलावं ते न सुचून गप्प बसतात, नाहीतर नको ते बोलतात. इथे त्यासाठी एक ठरलेलं वाक्य आहे, आपल्या दुःखात सहभागी आहे असं सांगणारं. ते म्हणायचं आणि पुढे सरकायचं. चौथा की पाचवा माणूस वाकला आणि मला एकदम हसू फुटलं. मी रुमाल तोंडावर दाबून धरला. लोकांना वाटलं, परदेशी सून असून किती रडतेय बिचारी. तुमच्या मुलानेसुद्धा फसून माझ्या पाठीवर हात ठेवला. मला का हसू आलं ते तुम्हाला एकट्याला कळलं असतं, कारण हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं ते तुम्हाला, आणि तेही बेसबॉलच्या मैदानाच्या फाटकात.

हे मी मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठीतले तीनच शब्द येत होते, 'पोळी', 'बास' आणि 'चला'. पण जपानीत लिहायला घेतलं की माझा हात अडतो. जून महिन्यापासून त्या भाषेत मी तुमच्याशी खोटं बोलत आले. तुम्हाला पोटाचा कॅन्सर होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला सांगितलं की अल्सर आहे. तुम्ही गेलात त्या सकाळीही तुमच्या उशाशी आम्ही अल्सरबद्दलच बोलत होतो. निदान माझ्या भाषेत तरी मला खरं बोलू द्या.

आधी त्या फाटकाची गोष्ट, कारण आपली खरी ओळख तिथेच झाली.

लग्न होऊन मला दीड वर्ष झालं होतं. पुण्यात जपानी शिकून आलेली मी कावासाकीतल्या एका कंपनीत भाषांतराचं काम करत होते आणि माझ्या जपानीची मला भारी घमेंड होती. तुम्ही सगळं आयुष्य एका लहानशा कारखान्यात लेथवर पितळेचे तुकडे कातण्यात घालवलेलं, बोलणं मोजूनमापून. इथल्या रीतीप्रमाणे मी तुम्हाला ओतोसान म्हणजे बाबा आणि सासूबाईंना ओकासान म्हणजे आई म्हणायला लागले; माझ्या 'सुनेत्रा'चं तुम्ही पहिल्याच आठवड्यात 'सुने-सान' करून टाकलंत. मी सांगितलं, आमच्याकडे सुनेला हाक मारतानाच 'सुने' म्हणतात, त्यामुळे छान जमलं. तुम्ही थोडा विचार करून म्हणालात, जपानीत 'सुने' म्हणजे नडगी.

त्या सप्टेंबरात एका रविवारी सकाळी केंजी म्हणाला, "बाबा आज शोका-जिआईला चाललेत. तू जातेस का बरोबर?" त्याला स्वतःला बेसबॉलचा तिटकारा. लहानपणी तुम्ही त्याला इतके हरणारे सामने दाखवलेत की तो जन्माचा वैतागला. 'जिआई' म्हणजे सामना, हे मला माहीत होतं. 'शोका'पाशी गाडी अडली. 'शोका' म्हणजे आग विझवणं, हा शब्द ऑफिसातल्या लाल नळकांड्यावर रोज दिसायचा, पण तो इथे बसेना. शब्दकोश उघडायला हवा होता, पण घमेंड आडवी आली. जपानीत नवऱ्याला म्हणतात तो 'दान्ना' हा शब्द बौद्ध धर्माबरोबर आपल्या 'दान' या शब्दावरून इथे आला, असं आम्हाला वर्गात शिकवलं होतं. मग 'शोका' म्हणजे आपला शोक, दुसरं काय असणार! कुणीतरी जुना खेळाडू वारला असेल आणि त्याच्या स्मरणार्थ सामना ठेवला असेल, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. काळा स्कर्ट घातला, कानातलं काढून ठेवलं, टिकलीसुद्धा काळी लावली.

तुम्ही फाटकाशी माझी वाट बघत होतात, गळ्यात टॉवेल आणि हातात पिवळा प्लॅस्टिकचा मेगाफोन. मी समोर येऊन कमरेत वाकले आणि स्वच्छ उच्चारात म्हणाले, 'गो-शूशो-सामा देसु.'

तुम्ही थबकलात. माझ्या स्कर्टकडे बघितलंत. मग मेगाफोन काखेत धरलात, माझ्याइतकेच खाली वाकलात आणि अगदी गंभीरपणे म्हणालात, "आपण मुद्दाम आलात, आम्ही आभारी आहोत. संघ तसा बरीच वर्षं आजारीच होता."

आत जाऊन बसल्यावर तुम्ही मला समजावलंत. हा 'शोका' म्हणजे पचवणं, जिरवणं. मोसमाच्या शेवटी कोण पहिलं आणि कोण तळाला हे ठरून गेलेलं असतं, तरी वेळापत्रकातले काही सामने उरतातच. ते नुसते खेळून संपवायचे, ताटात वाढलेलं संपवावं तसे. म्हणून ते पचवायचे सामने. मला लाजेने धरणी ठाय देईना. मी पुटपुटले, आमच्या भाषेत शोक म्हणजे माणूस गेल्याचं दुःख, म्हणून घोटाळा झाला. तुम्ही समोरच्या ओस पडलेल्या बाकांवरून एकदा नजर फिरवलीत आणि म्हणालात, "तुमचा अर्थ जास्त बरोबर आहे." तेव्हापासून आपल्या दोघांच्या बोलण्यात ते शोकाचे सामनेच झाले.

कावासाकीच्या त्या जुन्या मैदानावर माणसं इतकी कमी असायची की पलीकडे कुणी शिंकलं तरी ऐकू यायचं. त्यामुळे खेळाडूंना मारलेला प्रत्येक शेरा नेमका त्यांच्या कानावर जायचा. बाकीचे लोक 'गाढवा, घरी जा' असं सरळ ओरडायचे. तुम्हीही ओरडायचात, पण अतिशय आदबीच्या जपानीत. मेगाफोन तोंडाला लावून म्हणायचात, "पिचरसाहेब, आपण दमला असाल याची कल्पना आहे, तरी एखादा चेंडू मधोमध टाकण्याची कृपा व्हावी." एकदा तिसऱ्या बेसवरच्या आपल्याच खेळाडूच्या पायांमधून चेंडू निघून गेला, तेव्हा तुम्ही विचारलंत, "आपल्या गुडघ्यांची प्रकृती कशी आहे?" तो वळला, त्याने टोपी काढली आणि तुमच्या दिशेने वाकला. बाकीचे हसले. तुम्ही मात्र त्यानंतर मेगाफोन खाली ठेवलात तो ठेवलातच. घरी येताना बसमध्ये दोनदा म्हणालात, "आज मी फार बोललो."

मी पोळ्यांत बटाट्याची भाजी भरून, गुंडाळून न्यायचे. तुम्ही त्यांचं 'बाताता-माकी' असं नाव ठेवलंत आणि नऊपैकी चौथी इनिंग झाल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही असा नियम केलात. चौथ्या इनिंगपर्यंत आपला संघ साधारण हरलेला असायचा, म्हणून. माझ्या स्वतःच्या वडिलांबरोबर मी कधी इतका वेळ एका बाकावर बसले नाही. ते प्रेमळ होते, पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मार्कांबद्दल बोलायचं. तुमच्या शेजारी बसून मला काहीच सिद्ध करावं लागत नव्हतं, कारण समोर जे चाललं होतं त्याहून वाईट मी काही करूच शकत नव्हते. हे सुख मला तुमच्या हरणाऱ्या संघाने दिलं, हे तुम्हाला एकदा सांगायचं राहून गेलं.

पण तुमचा खरा राग हरण्यावर नव्हता. तो मला पहिल्यांदा दिसला टीव्हीसमोर. हिवाळ्याच्या तोंडावर संघाने नवा मॅनेजर आणला होता आणि क्लबचे कुणी मोठे साहेब टायबिय लावून सांगत होते की आता तीन वर्षांत संघाची नव्याने बांधणी करणार. मग हसून त्यांनी ते नेहमीचं वाक्य म्हटलं, 'राईनेन कोसो', पुढच्या वर्षी नक्की. तुम्ही हातातला भाताचा वाडगा खाली आपटलात. तुमचा चढलेला आवाज त्या घरात मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"तीन वर्षं! दर तीन वर्षांनी यांची तीन वर्षं!" तुम्ही टीव्हीला म्हणालात. "हरणार असाल तर सांगा ना, यंदा आम्ही हरणार म्हणून. मी येईन. तिकीट काढून येईन. पण मला लहान मूल समजू नका."

ओकासान शांतपणे म्हणाल्या, "अहो, भात सांडला."

मी मात्र ते विसरले नाही. पुढे आपल्यात तो वाक्प्रचारच झाला. केंजी म्हणाला की या रविवारी मी कपाट आवरतो, की तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात, 'राईनेन कोसो.' स्टेशनबाहेरचा दुकानदार म्हणाला की माल उद्या येईल, की मी तुमच्याकडे बघायचे. आपल्या दोघांत त्या दोन शब्दांचा अर्थ एकच होता, समोरचा माणूस खोटं बोलतोय आणि ते त्यालाही ठाऊक आहे.

मग संघच कावासाकी सोडून गेला. खाडीच्या पलीकडे नवं मैदान, नवे गणवेश, सगळं चकाचक. तुम्ही पेपरात ती बातमी वाचलीत, घडी घातलीत आणि तो पेपर इतर पेपरांबरोबर सुतळीने बांधून रद्दीच्या दिवशी बाहेर ठेवलात. मला वाटलं, सुटलात एकदाचे. पण एप्रिलात तुम्ही पुन्हा निघालात. आता दोन गाड्या बदलून, दीड तास. आम्ही तोवर एदोगावात राहायला गेलो होतो, त्यामुळे तुम्ही कावासाकीहून यायचात, मी आमच्या निशी-कसाई स्टेशनहून निघायचे, आणि वाटेत एका प्लॅटफॉर्मवर आपण भेटायचो. नव्या मैदानावर समुद्राचा वारा सुटायचा, आणि आपला संघ तिथेही हरायचा.

त्याच सुमाराला आपलं ते भांडण झालं. मी सहज म्हटलं होतं, संघ तुम्हाला सोडून गेला, आता तुम्हीही दुसरा निवडा की. तोक्योत जिंकणारा संघ आहे, सगळा देश त्याच्या मागे आहे. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सुने-सान, तुम्ही देश बदललात. तुम्हाला संघ बदलणं सोपंच वाटणार."

मला ते फार लागलं. मी म्हणाले, "मी देश बदलला नाही, घर बदललं." तुम्ही म्हणालात, "मग घर बदललं तरी संघ बदलत नाही, हेच तर मी सांगतोय." वर वर बघता तुमचंच म्हणणं बरोबर ठरत होतं आणि त्याचा मला जास्त राग आला. पुढचे दोन सामने मी आले नाही. तुम्ही माफी मागितली नाहीत. मीही नाही. तिसऱ्या वेळी फोन आला, "रविवारी वारा असेल, जाड कोट घाला," एवढंच. मी आले. पण ते भांडण संपलं नव्हतं, ओतोसान. पुढे कधीतरी तुम्हाला सांगायचं होतं की तुमच्या त्या वाक्याने माझ्या मनातली जुनी टोचणी उघडी पडली होती. मी खरंच काय सोडून आले, हे मला कुणी तोंडावर विचारलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, सुनेत्राचं जपानी काय सुंदर! तुम्ही एकट्याने दुखतं तिथे बोट ठेवलंत.

आणि मग हा जून.

डॉक्टरांनी केंजीला आणि ओकासानना वेगळ्या खोलीत बोलावलं. तुमचं पोट उघडलं होतं आणि काही करण्यासारखं नाही म्हणून तसंच शिवलं होतं. रुग्णाला सांगायचं की नाही ते घरच्यांनी ठरवावं, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. केंजीने आधीच ठरवून टाकलं होतं, अल्सर म्हणायचं. मी भांडले. मी म्हणाले, खोटं बोलतात म्हणून जो माणूस टीव्हीशी भांडतो, त्याच्याशी आपण खोटं बोलायचं? ओतोसानांना कळायला हवं, हे त्यांचं आयुष्य आहे.

ओकासान वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सुने-सान," त्या म्हणाल्या, "त्यांना कळलं तर ते स्वतःसाठी घाबरणार नाहीत. रात्रभर जागून माझा विचार करत बसतील, हिचं कसं होणार म्हणून. त्यांच्या शेजारी मी झोपते. त्यांना झोप लागू दे."

खरं सांगायचं तर मला भांडायचा अधिकारही नव्हता. मी दुसऱ्या देशातून आले म्हणून मला इथली रीत खुपली, असंही नाही. माझ्या मावशीच्या वेळी पुण्यात आम्ही हेच केलं होतं. साधी गाठ आहे, काढली की झालं, असं मी स्वतः तिच्या पायाशी बसून सांगितलं होतं. त्याची लाज माझ्या मनात होती, म्हणून मी भांडले. मग मी ओकासानना शब्द दिला.

उन्हाळाभर तुम्ही आम्हाला सोपं करून दिलंत. पांढरी गोळी कशाची, पिवळी कशाची, काही विचारलं नाहीत. वजन उतरत गेलं, तर बेल्टला नवं भोक पाडून घेतलंत. आमची माया तुमच्या गळ्यात पडून म्हणायची, आजोबा किती बारीक झाले, आणि मी तिला मराठीत गप्प करायचे. ती जपानीत विचारायची, "का गप्प? मी खरंच बोलतेय." आठ वर्षांची पोर. घरात ती तेवढीच खरं बोलत होती.

सप्टेंबरच्या अखेरीस तुम्ही म्हणालात, शोकाचा सामना आहे, चला. केंजी नको म्हणत होता. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या. दुपारचा सामना होता. प्लॅटफॉर्मवर तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा दिसलं, कोटाच्या आत माणूस उरलाच नव्हता. तरी गळ्यात टॉवेल होता.

त्या दिवशी तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. मेगाफोन मांडीवर होता. चौथ्या इनिंगला मी डबा उघडला आणि तुम्ही एक पोळीचा गुंडाळा हातात घेतलात. थोडासा तुकडा तोडून तोंडात टाकलात, बाकीचा तसाच धरून बसलात. मी दुसरीकडे बघत राहिले. सातव्या इनिंगला वारा वाढला. आपल्या पिचरने वाकडे चेंडू टाकून लागोपाठ दोघांना फुकट बेस दिले. तुम्ही मैदानाकडे बघत, अगदी साध्या आवाजात विचारलंत, "सुने-सान, पुढच्या एप्रिलात मला इथे येता येईल का?"

मला उत्तर तयार ठेवायला हवं होतं. जूनपासून तीन महिने होते. मी घरात, ट्रेनमध्ये, ऑफिसच्या बाथरूममध्ये हजार उत्तरं रचली होती, अल्सर बरा व्हायला वेळ लागतो, डॉक्टर म्हणाले, वगैरे. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी म्हणाले, "राईनेन कोसो, ओतोसान."

जगातले इतके शब्द सोडून मी नेमके तेच दोन उच्चारले होते. मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही, ती माझी चूक होती की मी मुद्दाम बोलले. धीर द्यायला इथली माणसं जे म्हणतात तेच मी म्हणाले होते. आणि तुम्हाला दुसऱ्या कशानेही कळलं नसतं इतकं त्याने कळू शकलं असतं.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "सो का," म्हणालात. असं का. पिचर बदलला. नवा आला, त्याने चेंडू टाकून टाकून हात मोकळा केला. तुम्ही ते सगळं लक्ष देऊन बघितलंत. मग हातातला तो न खाल्लेला गुंडाळा परत फॉइलमध्ये नीट बांधलात, दोन्ही हात जोडलेत आणि माझ्याकडे वळून वाकलात, "गोचिसोसामा देशिता." जेवण झाल्यावर इथे सगळेच म्हणतात ते वाक्य, फार छान जेवलो, आभारी आहे. तुम्ही घासभरसुद्धा खाल्लं नव्हतं. मी म्हणाले, अजून आहे, घ्या ना. तुम्ही मराठीत म्हणालात, "बास." आपण शेवटचा चेंडू पडेपर्यंत बसलो. संघ हरला.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हॉस्पिटलमध्ये गेले. मी रोज ऑफिसातून येऊन तुम्हाला खेळाचा पेपर वाचून दाखवायचे. खेळाडूंच्या नावांची अक्षरं मला धड वाचता यायची नाहीत. इतकी वर्षं भाषांतर करून मी एकेका नावाचा पार चुथडा करायचे आणि तुम्ही डोळे मिटून दुरुस्त करायचात. ती दुरुस्ती करताना तुमच्या आवाजात जोर यायचा, म्हणून काही नावं मी मुद्दामही चुकवली. संघाने पुन्हा मॅनेजर बदलला होता. तुम्ही विचारायचात, "हा कसा वाटतो? एप्रिलपर्यंत अल्सर भरून येईल ना?" मी म्हणायचे, हो, भरून येईल. रोज विचारायचात. रोज मी सांगायचे. मैदानावर माझ्या तोंडून जे निसटलं ते तुमच्या कानावरून गेलं असावं, असं मी स्वतःला समजावलं. मला हायसं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. पेपर वाचून झाला की कॉरिडॉरमध्ये जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन परत यायचे.

काल ओकासानबरोबर तुमचं कपाट आवरत होते. मेगाफोन हातात घेऊन मी विचारलं, हा कुठल्या कचऱ्यात टाकायचा, जळणाऱ्या की न जळणाऱ्या. ओकासाननी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी सामन्याहून आले आणि दारात बूट काढता काढता मला म्हणाले, सुने-सानने आज मला सांगितलं. छान सांगितलं. पण मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. नाहीतर तिला वाटेल की तिने तुला दिलेला शब्द मोडला."

मी खाली बसले. त्या तुमच्या शर्टांच्या घड्या घालत राहिल्या. त्या रात्री तुम्ही दोघं उशिरापर्यंत बोलत बसलात, असंही त्यांनी सांगितलं. सगळं बोललात. पेन्शनचं, देवघरात ठेवायच्या तुमच्या फोटोचं, केंजीचं. त्या म्हणाल्या, मला वाटलं होतं त्यापेक्षा ते शांत झोपले.

म्हणजे रोज माझ्याकडून एप्रिलबद्दल ऐकताना तुम्हाला माहीत होतं. अल्सर भरून येईल ना, हे तुम्ही माझ्यासाठी विचारत होतात, मला माझं खोटं नीट निभावता यावं म्हणून. ओकासानना सांगितलंत, त्यांच्याशी बोललात, ते योग्यच झालं, त्याचा मला आनंद आहे. इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी सांभाळून घेतलं नाही आणि त्यासाठी मी तुमचे पाय धरायला हवेत. पण कालपासून मला तुमचा भयंकर राग आलाय. रात्रभर मी तुमच्याशी भांडतेय.

मला तुम्हाला विचारायचं होतं, भीती वाटते का. देश बदलण्याबद्दल जे बोललात ते अजून तसंच वाटतं का. मायाला काय सांगू, हे विचारायचं होतं. तुम्ही मला माझ्या वडिलांपेक्षा जवळचे आहात, हे निरोप घेतल्यासारखं वाटेल म्हणून मी बोलले नाही. त्या खोलीत खरं माहीत असलेली दोन माणसं रोज संध्याकाळी समोरासमोर बसत होती आणि मी पेपर वाचत होते.

ओतोसान, बोलायला आपल्याकडे दोन महिने होते.